सातवा रकाना

तात्यापारा, रायपूर
८ जानेवारी २०२३, रविवार

येथील मराठी मंडळाची वधू-वर परिचय पुस्तिका आज छापून आली. पृष्ठे चौसष्ट, परिचय एकशे बारा, मुद्रणदोष शून्य. ही पुस्तिका मी एकतीस वर्षे तपासत आहे आणि या काळात एकदाही शुद्धिपत्र काढावे लागलेले नाही. रेल्वेच्या विभागीय कार्यालयात मी मुख्य लिपिक असताना माझ्या मसुद्याला साहेब हात लावत नसत. या शून्याचा मला त्याहून अधिक अभिमान आहे.

यंदा एक गोष्ट वेगळी घडली. दरवर्षी कौमुदी मूळ अर्ज मोठ्याने वाचते आणि मी छापील मजकुरावरून बोट फिरवतो. ‘स्वल्पविराम’, ‘पूर्णविराम’ हेही ती उच्चारते. शिक्षणासाठी ही नात आमच्याकडे राहायला आली, तेव्हा ती अकरा वर्षांची होती. हा परिपाठ तेव्हापासूनचा आहे. एरवी ती मराठी प्रश्नाला हिंदीत उत्तर देते, परंतु वाचताना तिचे मराठी निर्दोष असते. आता ती सत्तावीस वर्षांची आहे. यंदा नवा रायपूरच्या कार्यालयात तिला फार काम होते, आणि तिकडची एक बस चुकली की पुढची केव्हा येईल हे चालकालाही ठाऊक नसते. म्हणून मी एकट्यानेच तपासणी केली.

ते एका परीने बरे झाले. कारण तिच्या आईवडिलांच्या आग्रहावरून (मुलगा व सून बिलासपूरला असतात) यंदा तिनेही अर्ज भरला होता. सातवा रकाना ‘छंद व विशेष’ असा असतो. त्यात तिने लिहिले होते : ‘जपानी चित्रमालिका पाहणे. त्यांतील पात्रांची चित्रे काढणे. नव्या माणसांशी बोलायला मला वेळ लागतो. घाई नसणाऱ्यांनीच संपर्क करावा.’

अनुस्वार जागच्या जागी होते. परंतु असा मजकूर विवाहाच्या पुस्तिकेत शोभत नाही. मी तो ‘वाचन, पाककला, भजनगायन. स्वभाव बोलका व मनमिळाऊ’ असा केला. सात वर्षांची असताना तिने मंडळात एक भजन म्हटले होते. तेव्हा विधान अगदीच निराधार नाही.

१५ जानेवारी, रविवार. संक्रांत

सायंकाळी प्रेमलाताई आपला मुलगा विशाल याला घेऊन आल्या. मुलगा सिलतऱ्याच्या एका कारखान्यात अभियंता आहे. तासाभरात तो एकच वाक्य बोलला. आमच्या फ्रिजवर कौमुदीने काढलेले एक चित्र चिकटवलेले आहे : मोठा चष्मा लावलेली, हातात हिरवा झेंडा घेतलेली एक मुलगी. ते पाहून त्याने विचारले, “हे कोणी काढलं?” उत्तर मिळण्यापूर्वीच प्रेमलाताईंनी तिळगूळ पुढे केला.

नंतर त्या कौमुदीला म्हणाल्या, “बाई, एखादं भजन म्हण नं आता. आमच्या घरी गुरुवारी भजन असते.”

कौमुदी म्हणाली, “कौनसा भजन?”

प्रेमलाताईंनी पिशवीतून पुस्तिका काढून सदतिसावे पृष्ठ तिच्यासमोर धरले. तिने ते वाचले. मग माझ्याकडे पाहून, पाहुण्यांदेखत, हिंदीत म्हणाली, “ये मैं नहीं हूँ, आजोबा.”

“पण छापलं हाय नं,” प्रेमलाताई गोंधळून म्हणाल्या.

कौमुदीने कप उचलले आणि ती आत गेली ती बाहेर आली नाही. पाहुण्यांसमोर हिंदीत बोलणे टाळता आले असते.

१९ जानेवारी, गुरुवार

चार दिवस झाले, कौमुदी माझ्याशी बोललेली नाही. जेवण घेऊन खोलीत जाते. सायंकाळी अग्रलेख वाचून दाखवायची, तेही बंद आहे. मी स्वतःच मोठ्याने वाचून पाहिला. परंतु स्वतःच वाचून स्वतःच ऐकणे म्हणजे आरशाशी बुद्धिबळ खेळणे होय.

माझी पत्नी कमला म्हणाली, “तिच्याशी बोला नं.”

“काय बोलू? त्या परिचयात एक चूक दाखव.”

“चुका सोडा हो. पोट्टी दिसून राहिली का तुम्हाले?”

हिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. बावन्न वर्षांत ‘तुम्हाला’ म्हणायला ती शिकली नाही.

२२ जानेवारी, रविवार

दुपारी कौमुदीच्या खोलीतून हसण्याचा आवाज आला. ती एकटीच होती. मी दार ठोठावले. या घरात मी प्रथमच एखादे दार ठोठावले असावे, तीही दचकली.

“काय पाहत आहेस?”

“आपको नहीं समझेगा.”

मी स्टूल ओढून बसलो. पडद्यावर जपानी चित्रमालिका चालली होती. तिला ‘अॅनिमे’ म्हणतात. ‘कार्टून’ म्हटलेले कौमुदीला चालत नाही. संवाद जपानी, खाली इंग्रजी ओळी. मी वाक्य पूर्णविरामापर्यंत वाचतो, तोवर पुढची तीन वाक्ये निघून जातात. थोड्या वेळाने मी म्हणालो, “मूळ प्रत वाचायला कोणीतरी हवे.”

तिने मालिका थोडी मागे नेली. मग पडद्याकडेच पाहत मराठीतून वाचू लागली : “उद्या सकाळी स्वल्पविराम तो फलाटावर असेल तर स्वल्पविराम मी काय विचारू प्रश्नचिन्ह.”

मी शब्दक्रम सुधारून दिला. तिने चित्र थांबवले. “आजोबा, या तो हँसो, या करेक्शन करो. दोनों नहीं.”

मी पहिला पर्याय निवडला. तो अधिक कठीण आहे.

२६ जानेवारी, गुरुवार

सुट्टी असल्याने आज चार भाग पाहिले. कौमुदीने मालिकेच्या नावाचे भाषांतर ‘चुकलेल्या गाड्यांचे वेळापत्रक’ असे केले आहे. ते मला मान्य आहे.

समुद्रकाठच्या एका लहान गावात तीन तरुणी आहेत. किनुएला (फ्रिजवरील चित्रातील झेंडेवाली ती हीच) देशातील सगळ्या रेल्वेगाड्यांची वेळापत्रके पाठ आहेत. तोको ही शेवाळांचा अभ्यास करते. साची पुठ्ठ्याची चिलखते बनवून ती घालून हिंडते. तिघींनाही लोकांत बोलता येत नाही. दर बुधवारी त्या सार्वजनिक धुलाईघरात भेटतात, कारण तेथे यंत्रांचा आवाज असल्याने कोणी बोललेच पाहिजे असे नसते. किनुएचे मन स्थानकावरील उद्घोषकावर जडले आहे. त्याच्याशी बोलायचे म्हणून ती रोज खिडकीवर जाते आणि ज्या गाडीची वेळ तिला पाठ आहे, तिचीच वेळ विचारते. तो सांगतो. ती लिहून घेते. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारते.

रेल्वेचा तपशील तपासण्याजोगा आहे. पहिल्या भागात सांगितलेली सात बावन्नची गाडी चौथ्या भागातही सात बावन्नलाच सुटते. हे काम कोणी मनापासून केले आहे.

कमला तांदूळ निवडत येऊन बसली. किनुएने उद्घोषकाला पत्र लिहिण्याऐवजी त्याच्या फलकावरील चुका शोधून पाठवल्या, तेव्हा कमला इतकी हसली की सूप कलंडले. “पोरी, हे तर तुहे आजोबाच होय! लग्न ठरल्यावर मी यांले चिठ्ठी लिहिली. यांनी लाल शाईनं दुरुस्त करून परत पाठवली. खाली लिहिलं, ‘आशय उत्तम.’”

“फिर भी शादी की आपने?” कौमुदीने विचारले.

“अवं, चार पानाची चिठ्ठी होती. चारही पानं वाचली होती नं त्यांनी. कोण वाचते?”

ही तुलना मला पटलेली नाही. त्या मुलींना लोकांत वावरता येत नाही. मी एकतीस वर्षे मंडळात वावरत आहे.

२९ जानेवारी, रविवार

नवव्या भागात उद्घोषक किनुएला जेवायला बोलावतो. मैत्रिणी तिला सजवतात आणि हवापाण्यावरील तीन वाक्ये पाठ करून घेतात. ती गाड्यांबद्दल अवाक्षर काढत नाही. ती तीन वाक्ये उत्तम म्हणते, सर्वांना आवडते, आणि घरी न जाता धुलाईघरात येऊन बसते. तेथे तोकोला ती जे सांगते, ते कौमुदीने वाचले :

“त्यांनी मला बोलावलं होतं पूर्णविराम. पण तिथे दुसरीच कोणी जेवून आली पूर्णविराम. मी अजून भुकेलीच आहे पूर्णविराम.”

वाक्यरचना उत्तम होती. मी तसे म्हणणार होतो. परंतु म्हटले नाही.

३० जानेवारी, सोमवार

सकाळी कौमुदी बससाठी गेल्यावर मी तिचा मूळ अर्ज काढला आणि सदतिसावे पृष्ठ शेजारी ठेवले. बोट फिरवून तपासले, जसे नेहमी तपासतो. रकाना एक ते सहा जुळले. सातव्यात एक शब्दही जुळत नाही.

मूळ प्रतीशी न जुळणाऱ्या मजकुराला काय म्हणतात, हे मीच इतरांना एकतीस वर्षे शिकवत आलो आहे.

५ फेब्रुवारी, रविवार

मंडळाच्या मासिक सभेत दर महिन्याला एक सदस्य एका कलाकृतीची शिफारस करतो. वेळ दहा मिनिटे. या वेळी माझी पाळी होती आणि कार्यवाह देवीदास यांनी परस्परच ‘विषय : शुद्धलेखनाचे महत्त्व’ असे फलकावर लिहून ठेवले होते. मी ते पुसून ‘एक जपानी चित्रमालिका’ असे लिहिले.

“काका, तब्येत बरी हाय नं?” देवीदासांनी विचारले.

मी जे बोललो, त्याचा सारांश येथे नोंदवतो.

ही मालिका पाहावी, असे माझे मत आहे. एक : ती विनोदी आहे, परंतु ज्यांना बोलता येत नाही त्यांना ती हसत नाही, त्यांच्या बरोबरीने हसते. दोन : तिच्यातील मुली शेवटपर्यंत बदलत नाहीत. आपल्याकडील कथांत चष्मा लावणारी मुलगी चष्मा काढते आणि मग तिचे लग्न होते. येथे चष्मा शेवटपर्यंत राहतो. उद्घोषक एके दिवशी किनुएला म्हणतो की तुला सगळ्या वेळा ठाऊक आहेत, हे मला पहिल्याच दिवशी कळले होते. तरीही मी रोज सांगत आलो, कारण तू नीट ऐकतेस. तीन : रेल्वेचा तपशील अचूक आहे. चार : ज्यांच्या घरी एखादे माणूस आपल्या खोलीत एकटेच हसत असते, त्यांनी दार ठोठावून स्टूल घेऊन बसावे. समजले नाही, तर वाचून दाखवण्यास सांगावे. मध्येच दुरुस्ती करू नये.

यानंतर मी सांगितले की यंदाच्या पुस्तिकेत पृष्ठ सदतीस, रकाना सात येथे गंभीर दोष असून तो माझा आहे, शुद्धिपत्र निघेल.

देवीदास म्हणाले, “काका, एका रकान्यासाठी शुद्धिपत्र? एकतीस वर्षांचं रेकॉर्ड हाय तुमचं!”

कौमुदी शेवटच्या रांगेत होती. कमलाने तिला आग्रहाने आणले होते. तिच्याकडे पाहण्याचे धैर्य मला झाले नाही. मी चष्मा पुसला.

खाली उतरल्यावर शर्मिष्ठा भेटली. ही अडतीस वर्षांची, शाळेत जीवशास्त्र शिकवते. ती म्हणाली, “काका, २०१४ च्या पुस्तिकेत माह्याही सातवा रकाना होता. मी लिहिलं होतं, ‘तासन्‌तास मुंग्या पाहणे.’ छापून आलं, ‘निसर्गप्रेमी.’”

मी म्हणालो की आशय साधारण तोच आहे.

“नऊ वर्षांत पाहायले आलेल्या प्रत्येकानं मले विचारलं, ‘डोंगरावर फिरायले आवडते का?’ काका, चढ आला की मले दम लागते!”

ती हसत होती. मागे कौमुदी उभी होती. ती शर्मिष्ठेला म्हणाली, “कौनसी चींटियाँ? लाल वाली?” अनोळखी माणसाला तिने आपणहून प्रश्न विचारलेला मी यापूर्वी पाहिलेला नाही. त्या दोघी पायरीवर बसल्या. आम्हांला घरी जायला उशीर झाला.

७ फेब्रुवारी, मंगळवार

मूळ अर्ज मी कधीच टाकत नाही. वर्षवार गठ्ठे बांधून पेटीत ठेवलेले आहेत. आज पेटी उघडली.

‘रेडिओ उघडणे व पुन्हा जोडणे’ याचे मी ‘तांत्रिक विषयांची आवड’ केले होते. ‘बसची जुनी तिकिटे जमवणे’ याचे ‘प्रवासाची आवड’. एकाने लिहिले होते, ‘गर्दीत मला घाम फुटतो, पण दोघांत मी चांगला बोलतो’. तेथे छापले आहे, ‘मितभाषी’. एकीने केवळ ‘शिट्टी वाजवणे’ असे लिहिले होते. तेथे ‘संगीत’.

प्रत्येक बदल त्या त्या वेळी मला आवश्यक वाटला होता. अक्षर माझे आहे. शाई लाल.

केवळ यंदाच्या एकशे बारा अर्जांत मी त्रेचाळीस ठिकाणी सातवा रकाना बदलला आहे.

९ फेब्रुवारी, गुरुवार

कौमुदी सायंकाळी घरी आली तेव्हा मी बैठकीत त्रेचाळीस अर्ज मांडून बसलो होतो. मी म्हणालो, “शुद्धिपत्राची मुद्रिते आली आहेत. मूळ प्रत वाचायला कोणी नाही.”

ती चप्पल काढत होती. हात धुऊन आली, समोर बसली आणि पहिला अर्ज उचलला.

“अनुक्रमांक चार पूर्णविराम. रात्री झोपण्यापूर्वी स्वल्पविराम शब्दकोडी तयार करणे पूर्णविराम. ती कोणी सोडवत नाही पूर्णविराम.” ती हसू लागली. “आजोबा, ये आपने क्या किया था?”

“‘वाचन’.”

मग प्रत्येक अर्जानंतर ती मला विचारी आणि मी सांगे. ‘घरातील सर्व घड्याळे एकाच वेळेवर आणणे’ हे वाचून तिला पुढे वाचवेना. कमला स्वयंपाकघरातून ओरडली, “अवं, जेवाले या दोघंही!”

विसाव्या अर्जाच्या सुमारास कौमुदी थांबली. सगळे अर्ज तिने एकदा पाहिले. “आजोबा, ये सब लोग यहीं रायपुर में थे?”

“तात्यापारा, बुढापारा, शंकरनगर. दोघे सिलतऱ्याचे.”

“मला वाटलं मी एकटीच,” ती म्हणाली. हे मराठीत म्हणाली. क्रियापद अध्याहृत आहे, चालते.

विशालच्या अर्जात सातवा रकाना कोरा होता. तेथे मी ‘क्रिकेट’ घातले होते, कारण तरुणाच्या अर्जात कोरी जागा बरी दिसत नाही. आता ‘क्रिकेट हा शब्द वगळावा’ असे छापत आहोत. शेवटी पुरवणी म्हणून २०१४ च्या मुंग्याही घेतल्या आहेत.

सदतिसावे पृष्ठ तिने स्वतःच वाचले. “घाई नसणाऱ्यांनीच संपर्क करावा पूर्णविराम.”

“जुळले,” मी म्हणालो.

१२ फेब्रुवारी, रविवार

शुद्धिपत्र वाटले गेले. एका गृहस्थांनी फोनवर बरेच सुनावले : मुलीने शिट्टी वाजवते असे लिहिले, तरी छापायचे नसते. मी त्यांना मूळ अर्जाचा दिनांक व सही सांगितली. पाठोपाठ त्यांच्या मुलीचा फोन आला. तिने नुसती शिट्टी वाजवून दाखवली. स्वर शुद्ध होते.

दुपारी शर्मिष्ठा आली. तिच्याबरोबर सोनिया नावाची मुलगी होती. बसच्या तिकिटांची हीच. येताना मिळालेले तिकीट तिने पहिल्यांदा वहीत ठेवले, मग चप्पल काढली. तिघी कौमुदीच्या खोलीत मालिका पहिल्या भागापासून पाहत आहेत. मलाही बोलावले. जागा नव्हती म्हणून कमला पलंगावर आणि मी स्टुलावर. तिघींपैकी कोणीही एक तास काही बोलले नाही आणि सर्व जणी आनंदात होत्या. मध्यंतरात पोहे केले. कौमुदीने भजन म्हटले नाही. कोणी म्हण असे म्हटलेही नाही.

१६ फेब्रुवारी, गुरुवार

अग्रलेख पुन्हा सुरू झाला आहे. आज त्यात चार चुका होत्या. बरे वाटले.

देवीदासांनी पुढील वर्षापासून सातव्या रकान्याखाली ‘हा मजकूर जसाच्या तसा छापला जाईल’ असे छापण्याचे मान्य केले. ते म्हणाले, “मग काका, तुम्ही तपासाल काय?” मी म्हणालो, “बाकीचे सहा रकाने.”

१९ फेब्रुवारी, रविवार

एक किरकोळ नोंद. शुद्धिपत्राच्या तळाशी मी ‘पुढील मासिक सभा : रविवार, ५ मार्च, सायंकाळी ५ वाजता’ असे छापून माझा दूरध्वनी क्रमांक दिला होता. शुक्रवारी विशालचा फोन आला. ‘क्रिकेट’ काढल्याबद्दल त्याने आभार मानले आणि विचारले, “काका, सभा किती वाजता हाय?” मी सांगितले, पाच वाजता, पत्रकावर आहे. काल त्याचा पुन्हा फोन आला : सभा किती वाजता? मी पुन्हा सांगितले. आज तिसऱ्यांदा. माझे हात शाईने भरलेले होते, म्हणून मी फोन कौमुदीला दिला.

‘पाच वाजता’ हे सांगायला दोन शब्द पुरतात. ती “पाँच बजे” म्हणाली, थोडे थांबली, मग “हाँ, झंडे वाली वही है” असे म्हणत फोन घेऊन गच्चीवर गेली. मी चहा घेतला, तिचा झाकून ठेवला, तो निवला. कमलाला हसू आवरेना. कारण विचारले तर म्हणाली, “तुम्ही सगळे भाग पाहिले नं? मग राहू द्या.”

अभियंता असून छापलेली वेळ तीनदा विचारावी लागते, याचा अर्थ ती नीट दिसत नसावी. पुढील पत्रकात वेळ ठळक अक्षरांत छापावी, अशी सूचना देवीदासांना केली आहे.